जोमात चालवायच्या गाडीला समर टायर निवडताना

‘सगळ्यात जास्त ग्रिपवाला द्या’ असं सांगून घेतलेला टायर रस्त्यावर बरेचदा चुकीचा निघतो. सगळ्यात जास्त ग्रिप मिळते ती कोरड्या, स्वच्छ डांबरावर आणि टायर चांगला तापल्यावर. रोजच्या रस्त्यावर हे तिन्ही एकत्र क्वचितच जमतं. गाडी काढल्यावरची पहिली दहा मिनिटं टायर गार असतो. वळणाच्या ऐन मध्यात ओला पट्टा लागतो, कडेची वाळू रस्त्यावर आलेली असते आणि वळणापलीकडचं काही दिसत नसतं. म्हणून रस्त्यासाठी टायर घेताना आधी दोन गोष्टी बघायच्या: ओल्यात तो किती लवकर थांबतो, आणि पकड सुटण्याआधी स्टिअरिंगमधून कळवतो की अचानक दगा देतो. कोरड्यातली कमाल पकड त्यानंतर.

नावातला उन्हाळा

समर टायर म्हणजे कोरड्या दिवसांचा टायर, हा समज चुकीचा आहे. इथला ‘समर’ तापमानाचा आहे, पावसाचा त्याच्याशी संबंध नाही. हवा २० अंशांची असेल आणि धो धो पाऊस पडत असेल, तर चांगला समर टायर ऑल-सीझनपेक्षा, म्हणजे बाराही महिने चालावा म्हणून बनवलेल्या टायरपेक्षा, कमी अंतरात थांबतो. याचं कारण कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात आहे. डांबरातल्या बारीक खडीभोवती रबर दबतं, वाकतं आणि किंचित उशिराने परत मूळ आकारात येतं. पकडीचा मोठा वाटा या उशिरा परत येण्यातूनच मिळतो. समर कंपाउंड हे काम उबदार हवेत नीट करेल असं बनवलेलं असतं, आणि त्यातल्या सिलिकामुळे ते ओल्या रस्त्यावरही चालू राहतं.

पारा ७ अंशांच्या आसपास उतरला की हेच रबर कडक व्हायला लागतं. शून्याजवळ त्याची लवचीकता इतकी जाते की साधा ऑल-सीझनही त्याच्यापुढे बरा वाटतो. गोठवणाऱ्या थंडीत बाहेर पडून राहिलेला परफॉर्मन्स समर टायर रिमवर चढवला किंवा त्यावर गाडी हलवली, तर ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या रबराला, तडे जाऊ शकतात. कंपन्या तशी सूचना देतात आणि अशा तड्यांची वॉरंटी सहसा मिळत नाही. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे टायरचा दुसरा संच घ्यावाच लागतो. ‘जरा सांभाळून चालवू’ म्हणून तो खर्च टळत नाही.

ऑल-सीझन आणि समर यांतला फरक हातानेही कळतो. ऑल-सीझनच्या ट्रेडवर एखादा ठोकळा निवडा आणि अंगठ्याने कडेला रेटा. ठोकळ्यात ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या उघडतात आणि ठोकळा डुलतो. वळणात नेमकं हेच होतं: स्टिअरिंग फिरवल्यावर आधी ठोकळे झुकतात आणि मग गाडी वळते. समर टायरचे ठोकळे मोठे असतात, बाहेरच्या खांद्याला तर जवळपास सलग, आणि चिरा कमी. अंगठा दुखेल, पण ठोकळा फारसा हलणार नाही.

कुठल्या वर्गातला घ्यावा

समर परफॉर्मन्स टायरचे ढोबळ तीन वर्ग पडतात. रस्त्यासाठीच बनवलेल्या वरच्या वर्गात मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६ यांसारखे टायर येतात. त्याच्या वर ट्रॅकची हौस आणि रस्ता दोन्ही सांभाळणारे, म्हणजे ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस किंवा योकोहामा अ‍ॅडव्हान निओव्हा एडी०९. त्याही पलीकडे मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ सारखे टायर, ज्यांना रस्त्यावर परवानगी असली तरी त्यांचा जीव ट्रॅकवरच रमतो.

केवळ रस्त्यावर जोमात चालवायची असेल तर पहिल्या वर्गाबाहेर जाऊ नका, हे आमचं ठाम मत. दुसऱ्या वर्गाचा टायर कोरड्यात अप्रतिम असतो, पण त्याची खरी पकड तापल्यावर मिळते आणि रस्त्याच्या वेगात तो तेवढा तापतच नाही. शिवाय खाचा कमी असल्याने साचलेल्या पाण्यात तो लवकर तरंगतो. आवाज करतो, चिकट रबराला बारीक खडी चिकटून चाकाच्या कमानीत फटाफट उडत राहते, आणि आयुष्य निम्म्यावर येतं. वर्षातून चार-सहा वेळा ट्रॅकवर जाणार असाल, तर त्यासाठी वेगळ्या रिमवर वेगळा संच ठेवणं शेवटी स्वस्त पडतं.

या वर्गवारीत ट्रेडवेअरचा, म्हणजे ट्रेड झिजेला किती टिकतो याचा, आकडा थोडी मदत करतो. अमेरिकी पद्धतीत साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ट्रेडवेअरचा अंक, ट्रॅक्शनसाठी एए ते सी आणि उष्णतेसाठी ए ते सी अशी अक्षरं छापलेली असतात. ट्रेडवेअर २०० म्हणजे ठरावीक चाचणी मार्गावर प्रमाण टायरच्या दुप्पट टिकाव. पण हा अंक कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३४० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीचे दोन टायर शेजारी ठेवायला तो ठीक. २०० हा आकडा इतका का दिसतो? हौशी स्पर्धांच्या नियमांत बरेचदा किमान २०० ची अट असते आणि कंपन्या त्या रेषेला अगदी चिकटून टायर बनवतात. ट्रॅक्शनचं अक्षरही जपून वाचा: ते ओल्या रस्त्यावरच्या सरळ रेषेतल्या ब्रेकिंगचं आहे, वळणातल्या पकडीबद्दल ते काहीच सांगत नाही.

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर लेबल असतं. मे २०२१ पासून त्यावर इंधन आणि ओल्यातली पकड यांच्या ए ते ई अशा श्रेणी असतात. ओल्यातल्या पकडीत ए सोडून खाली उतरू नका. इंधनात सी असला तरी चालेल, कारण दोन्हींत ए मिळवताना कंपाउंडला कुठेतरी तडजोड करावी लागते. साचलेल्या पाण्यात टायर तरंगतो का, हे मात्र या लेबलवर नसतं. त्यासाठी ट्रेडकडे बघा. परिघाच्या दिशेने जाणाऱ्या तीन-चार रुंद, खोल खाचा हव्यात, आणि त्यांतलं पाणी बाजूला काढायला आडव्या खाचाही.

साइज: आधी गणित, मग हौस

साइडवॉलवर २२५/४५ आर १७ ९४ वाय असं लिहिलेलं असेल तर रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १७ इंची. ९४ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर ६७० किलो. वाय ही वेगाची मर्यादा, ताशी ३०० किलोमीटर. डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०.

बाहेरचा व्यास असा काढा: २२५ × ०.४५ = १०१.२५, दुप्पट २०२.५, त्यात रिमचे १७ × २५.४ = ४३१.८ मिळवले की ६३४.३ मिलिमीटर. मूळ टायर २०५/५५ आर १६ असेल तर त्याचा व्यास ६३१.९ येतो. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे बदल बिनधास्त करता येईल. २ टक्क्यांपर्यंत सहसा अडचण येत नाही. ३ टक्क्यांच्या पुढे स्पीडोमीटर चुकतो, गिअरिंग बदलल्यासारखं वाटतं आणि टायर कमानीला घासण्याची भीती असते.

लोक हमखास चुकतात ते रिमच्या रुंदीत. २२५/४५ आर १७ ला ७ ते ८.५ इंच रुंदीचा रिम चालतो. त्याच गाडीला ‘जरा रुंद’ म्हणून २४५/४० आर १७ घेतला, तर व्यास ६२७.८ येतो, फरक एका टक्क्याचा, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण या साइजला किमान ८ इंची रिम लागतो. ७.५ इंची रिमवर तो बसतो खरा, पण साइडवॉल फुग्यासारखी बाहेर येते, वळणात ट्रेड एका बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग मऊ पडतं. जास्त पकडीसाठी केलेला खर्च टायर कमजोर करून जातो. योग्य रुंदीच्या रिमवरचा २२५ हा अरुंद रिमवरच्या २४५ पेक्षा केव्हाही सरस. आणि रुंद टायर उथळ पाण्यात अरुंद टायरपेक्षा आधी तरंगतो, हेही जमेस धरा.

रिम एक इंचाने वाढवली तर वळताना गाडी तत्पर वाटते, कारण साइडवॉल बुटकी होते. दोन इंचांनी वाढवली तर खड्ड्यात रिम वाकते, टायरला फुगवटा येतो आणि जड चाकामुळे सस्पेन्शनला खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला टेकवून ठेवणं जड जातं. चाक जमिनीवरून उसळलं की पकड शून्य, मग कंपाउंड कितीही भारी असो.

लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. एक्सएल, म्हणजे जास्त वजनासाठी बनवलेल्या, टायरची गंमत मात्र फार जणांना कळत नाही. ९१ चा साधा टायर त्याचे ६१५ किलो २५० किलोपास्कल दाबाला उचलतो. ९४ चा एक्सएल ६७० किलो उचलतो, पण २९० ला. दोघांत २५० चीच हवा भरली तर एक्सएल साध्यापेक्षा थोडं कमीच वजन पेलतो. म्हणून साध्यावरून एक्सएलवर गेल्यावर गाडीच्या स्टिकरवरच्या दाबात २-३ पीएसआय वाढवून बघा.

जर्मन गाड्यांच्या टायरवर तारा, एमओ, एओ, एन० अशा खुणा दिसतात. अनुक्रमे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी आणि पोर्शसाठी जुळवलेला टायर असा त्याचा अर्थ. नाव तेच असलं तरी आतली बांधणी वेगळी असू शकते, त्यामुळे एकाच एक्सलवर खुणेचा आणि बिनखुणेचा असे टायर मिसळू नका.

सुटण्याआधीचा इशारा

स्टिअरिंग फिरवलं की टायर जिकडे तोंड करून असतो आणि प्रत्यक्ष जिकडे जातो, यांत थोडा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तशी वळणातली पकड वाढत जाते, एका टप्प्यावर शिगेला पोचते आणि मग घसरते. काही टायरमध्ये हे शिखर पठारासारखं असतं: तुम्ही किंचित पुढे गेलात तरी पकड हळूहळू कमी होते, टायर कुरकुरतो, स्टिअरिंग हलकं पडतं, आणि तुम्ही थोडं सोडलंत की तो परत धरतो. काहींत ते सुळक्यासारखं असतं: शेवटच्या क्षणापर्यंत भक्कम आणि मग एकदम काहीच नाही.

स्टिअरिंगचं वजन हा त्यातला सगळ्यात उपयोगी इशारा. चाकाला सरळ करू बघणारा जोर वळणातल्या पकडीच्या आधीच शिखर गाठून उतरायला लागतो. म्हणजे चांगल्या टायरवर हाताला आधी हलकेपणा जाणवतो आणि मग गाडी बाहेर जायला लागते. फार बुटकी, फार ताठ साइडवॉल असेल तर या दोन गोष्टींमधलं अंतर इतकं कमी होतं की ते हाताला कळायच्या आत निघून जातं. टायरची परीक्षणं वाचताना लॅपच्या वेळेपेक्षा ‘मर्यादेवर कसा वागतो’ आणि ‘ओल्या गोल चक्रात कसा’ हे परिच्छेद शोधा. कोरड्या लॅपमध्ये अर्ध्या सेकंदाने मागे पडलेला, पण ओल्यात पहिला आलेला टायर रस्त्यावर जास्त वेगाने आणि कमी धास्तीने चालवता येतो.

ट्रेडच्या रचनेबद्दल थोडक्यात: असिमेट्रिक टायर, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असलेला, या कामाला सगळ्यात सोयीचा. बाणाच्या दिशेने फिरणारा डायरेक्शनल टायर पाणी छान काढतो, पण रिमवरून उतरवल्याशिवाय डावा उजवीकडे टाकता येत नाही.

घेताना आणि बसवताना

तारीख आधी बघा. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला ती अर्धवट दिसू शकते, म्हणून टायर उलटून बघा. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर खुशाल घ्या. तीन वर्षांचा टायर सवलतीत मिळाला तरी सोडा. चारही टायरच्या तारखा जवळपास असाव्यात.

चार एकदम घ्यावेत. दोनच घेणं भाग असेल तर नवे मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. पुढची पकड आधी गेली तर गाडी सरळ जाते आणि ब्रेक लावल्यावर सावरते. मागची आधी गेली तर गाडी गरकन फिरते. ऑल व्हील ड्राइव्हला जुन्या-नव्यात २-३ मिलिमीटरचा फरक असेल तर चाकांचे परीघ वेगळे पडतात आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा सेंटर डिफरन्शिअल किंवा क्लच सतत घासत राहतो. अशा गाडीला दोन टायर हा पर्यायच नाही.

बसवताना शेजारी उभे राहा. असिमेट्रिक टायरची ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू चारही चाकांवर बाहेर दिसली पाहिजे, डायरेक्शनलचा बाण पुढच्या दिशेला फिरला पाहिजे. साइडवॉलवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर आणावा. रबरी व्हॉल्व्ह दरवेळी नवा टाकावा. एका चाकाला ६०-७० ग्रॅमहून जास्त वजन चिकटवायची वेळ आली, तर चिकटवू देऊ नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बॅलन्सिंग करायला सांगा, बरेचदा वजन कमी लागतं. नट मशीनने कचकचून आवळू देऊ नका. टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला, एकाआड एक. आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

टायर चढवताना कडेला जे साबणासारखं वंगण लावतात, ते सुकायला वेळ लागतो. त्याच दिवशी सणसणीत ब्रेक मारला किंवा पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटली, तर रिम टायरच्या आत सरकते आणि नुकतंच केलेलं बॅलन्सिंग बिघडतं. घरी आल्यावर व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची रेघ ओढून ठेवा. दोन दिवसांनी रेघ व्हॉल्व्हसमोर नसेल, तर ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग का थरथरतंय ते कळेल.

पहिले ३०० ते ५०० किलोमीटर गाडी दामटू नका. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर ट्रेडवर असतो, तो झिजेपर्यंत, विशेषतः ओल्यात, पकड अपुरी असते. वेग आणि वळणं हळूहळू वाढवत न्या.

त्याच आठवड्यात अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. रिपोर्टमध्ये ‘हिरव्या पट्ट्यात आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण कंपनीची मर्यादा रुंद असते. पुढचा टो, म्हणजे वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, शून्याच्या जवळ आणि डावी-उजवी सारखी मागून घ्या. कॅम्बर, म्हणजे समोरून बघता चाकाचा कल, बदलता येत असेल तर रस्त्यासाठी उणे १ ते १.५ अंश पुरे. त्याहून जास्त दिलात तर सरळ रस्त्यावर आतली कड खाल्ली जाते.

हवा आणि झीज

हवा गार टायरवर मोजायची: गाडी तीन तास उभी असताना, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. सुरुवात गाडीच्या दारावरच्या स्टिकरपासून करा. साइडवॉलवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरलं की १ पीएसआय कमी होतो, म्हणजे ऋतू बदलला की काही गळती नसतानाही ३-४ पीएसआयचा फरक पडतो. जोमात चालवल्यावर दाब ४-५ पीएसआय चढतो. तो बघून हवा काढायची नाही, गार झाल्यावर टायर कमी हवेवर बसेल. बदल करायचाच तर एका वेळी १ किंवा २ पीएसआय, तोही एकाच एक्सलवर, आणि मग त्याच ओळखीच्या वळणांवर फरक बघा. पुढे जास्त हवा भरून स्टिअरिंग चपळ झाल्यासारखं वाटतं, पण रस्त्याला टेकलेला भाग आखडतो आणि ओल्यात ब्रेकिंग बिघडतं.

महिन्यातून एकदा ट्रेडवरून तळहात फिरवा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेला करवतीसारखा अडकला, तर टो बिघडलाय. ही झीज डोळ्यांना दिसेपर्यंत टायरचा बराच भाग गेलेला असतो, हाताला मात्र बरीच आधी लागते. मधला पट्टा जास्त झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. पुढच्या चाकांची फक्त बाहेरची कड गोलसर झाली असेल तर वळणात गाडी पुढून घसरत असताना तुम्ही स्टिअरिंग आणखी फिरवताय, तिथे टायर बदलून काही फायदा नाही.

खोली मोजताना आतल्या खाचेत मोजा, ती उभ्याने दिसत नाही आणि सहसा तीच आधी संपते. नवा टायर ७-८ मिलिमीटरचा असतो. खाचेतल्या उंचवट्यापाशी ट्रेड आला म्हणजे १.६ मिलिमीटर, अनेक देशांत कायद्याची हद्द. पण ३ च्या खाली ओल्यातला टायर वेगळाच असतो, आणि ज्या ओल्यातल्या पकडीसाठी तो निवडला ती बहुतांशी गेलेली असते. पावसाळा तोंडावर असेल आणि खोली ३.५ असेल, तर टायर पावसाआधी बदला. उरलेलं रबर पाऊस संपल्यावर वापरायचा हिशेब करू नका, कारण तोपर्यंत तापून-गार होऊन तेही कडक झालेलं असतं. नख रुतवून बघा, नव्या टायरशेजारी ठेवला तर फरक लगेच कळतो.